कुत्र्याच्या पावलांनी वाळवंट

गेल्या अंकात ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या आमच्या मुक्कामाबद्दल मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या. टूसॉनहून निघणारी आमची चोवीस फुटी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, त्यात आम्ही दोघं आणि आमची कुत्री गोटी. त्या चार ओळींवर जितकी पत्रं आली तितकी वर्षभरात आली नव्हती, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एक कुत्रा आहे. म्हणून या वेळचं सदर त्यांच्यासाठीच. पत्रं थोडक्यात देते, उत्तरं मात्र हात आखडून देणार नाही.

पत्र: ताई, आम्ही डॅलसला राहतो. डिसेंबरच्या सुट्टीत दहा दिवस काढले आहेत. लॅब्राडॉर बरोबर असल्यामुळे विमानानं न येता स्वतःच्या गाडीनं फिनिक्सपर्यंत येऊ, गाडी तिथे ठेवू आणि आरव्ही भाड्यानं घेऊ. यादी अशी आहे: सग्वारो, ऑर्गन पाइप, जोशुआ ट्री, डेथ व्हॅली, जमलं तर ग्रँड कॅन्यन. दहा दिवसांत बसेल का?

गाडीत बसेल, कुत्र्यात बसणार नाही. तुमच्या यादीतली बहुतेक ठिकाणं राष्ट्रीय उद्यानं आहेत आणि तिथे कुत्र्याला पायवाटांवर जाऊ देत नाहीत. सग्वारोमध्ये दोन छोट्या डांबरी वाटा सोडल्या तर बाकी सगळ्या वाटा बंद. जोशुआ ट्री आणि डेथ व्हॅलीत कुत्रा गाडीच्या रस्त्यावर, कॅम्पच्या जागेत, कच्च्या रस्त्यावर चालतो. ज्या वाटांसाठी आपण एवढ्या लांब येतो तिथे नाही. म्हणजे तुमच्यापैकी एकजण सतत गाडीपाशी बसून राहणार आणि दुसरा घाईघाईनं फोटो काढून परत येणार. आमची पहिली सहल अशीच गेली. पाच दिवसांत चार उद्यानं, आणि गोटीनं पाहिलं काय, तर चार वाहनतळ.

नियम वाईट आहेत असं मी म्हणत नाही. कुत्र्याच्या वासानं तिथले प्राणी आपल्या जागा सोडतात, आणि ते घर त्यांचं आहे. पण मग कुत्रा घेऊन निघालेल्या माणसानं सहल वेगळी आखायला हवी. माझा सल्ला रोखठोक आहे: यादीतलं एकच उद्यान ठेवा, बाकीचे दिवस बीएलएमच्या, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या मोकळ्या जमिनीवर काढा, आणि उद्यानांच्या ऐवजी गावं बघा. वाळवंटातल्या लहान गावांना कुत्र्याचं वावडं नाही.

ठेवायचं एक उद्यान म्हणजे ऑर्गन पाइप कॅक्टस. (ते कागदोपत्री ‘नॅशनल मॉन्युमेंट’ आहे.) तिथल्या ट्विन पीक्स कॅम्पग्राउंडमध्ये २०८ जागा आहेत. वीज-पाण्याची जोडणी नाही, पण पाणी भरायची आणि सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायची सोय आहे. आणि मुख्य म्हणजे कॅम्पपासून व्हिजिटर सेंटरपर्यंत जाणारी पालो व्हर्दे ही १.३ मैलांची वाट आणि कॅम्पला वेढा घालणारी वाट, या दोन्हींवर कुत्र्याला पट्ट्यानं नेता येतं. पट्टा सहा फुटांहून लांब नको. सकाळी साडेसातला या वाटेवर निघा. ऊन तिरपं असतं, सग्वारो निवडुंगांच्या सावल्या आपल्यापेक्षा लांब पडतात आणि कुत्र्याला दर चार पावलांवर कुणीतरी रात्री येऊन गेल्याचा वास लागतो. सग्वारोला पहिला हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात, हे एकदा कळलं की एकेका झाडापुढे आपली पावलं आपोआप थांबतात.

तिथून साधारण पस्तीस मैल उत्तरेला आहो नावाचं गाव आहे. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण ‘आजो’ म्हणतो, पण उच्चार चक्क ‘आहो’. मी यजमानांना हाक मारली की ते अजूनही विचारतात, गावाला की मला? इथे न्यू कॉर्नेलिया नावाची तांब्याची प्रचंड उघडी खाण होती. १९८३ साली मोठा संप झाला, १९८५ मध्ये खाण बंद पडली आणि गाव रिकामं होत गेलं. मागे राहिला तो गावाच्या मधोमध असलेला स्पॅनिश धाटणीचा चौक: कमानींच्या ओसऱ्या, पांढरी चर्चेस, ताडाची झाडं आणि मध्ये हिरवळ. चार दिवस खडी आणि काटे तुडवल्यावर त्या गवतावर लॅब्राडॉर कसा लोळतो ते बघाच. चौकातून पुढे खाणीच्या काठावर जा. जाळीआड ते मैलभराहून रुंद विवर बघताना मला दर वेळी वाटतं की एवढं खणून काढणारी माणसं कुठे गेली असतील. गावात म्हातारे खाणकामगार भेटतात, आणि कुत्रा बरोबर असला की तेच आधी बोलायला येतात. सग्वारो नॅशनल पार्कात माझ्याशी कधी कुणी असं बोललं नाही.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट. तुमची गाडी फिनिक्सला ठेवू नका. एकानं आरव्ही चालवावी, दुसऱ्यानं कुत्र्याला घेऊन मागून गाडी आणावी. आरव्ही एका जागी लावून ठेवायची आणि गावं लहान गाडीनं बघायची. रोज आरव्ही हलवायची म्हणजे रोज सगळी आवराआवर, रोज नव्यानं समतल जागा शोधणं आणि रोज गोंधळलेला कुत्रा. गोटीला एका जागेची सवय व्हायला दीड दिवस लागतो. त्यानंतर दारासमोरची दहा फूट जमीन तिची होते आणि ती शांत झोपते.

दुसरा मुक्काम क्वार्टझसाइटला करा. आहोहून आरव्हीनं तीनेक तास धरा. हे आय-१० महामार्गावरचं गाव उन्हाळ्यात पेंगतं आणि हिवाळ्यात उत्तरेकडच्या थंडीतून पळून आलेल्या आरव्हीवाल्यांनी भरून जातं. गावाच्या दक्षिणेला ‘ला पोसा’ ही बीएलएमची लांब मुक्कामाची जागा आहे. तिचा हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. परवाना अख्ख्या हंगामाचा मिळतो, तसा चौदा दिवसांचाही. त्या पैशात पाणी आणि डंप स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायचं ठिकाण, मिळतं. आजूबाजूला फुकट राहायच्याही जागा आहेत, तिथे २८ दिवसांत १४ दिवसांची मर्यादा आहे. पहिल्याच खेपेला चौदा दिवसांचा परवाना घ्या. टाकी भरली की काय करायचं, ही चिंता डोक्यावर घेऊन वाळवंट दिसत नाही.

क्वार्टझसाइटमध्ये दगड विकणारी दुकानं आहेत, जानेवारीत आरव्हीचं मोठं प्रदर्शन भरतं, ते सगळं तुम्हाला कुणीही सांगेल. मी सांगेन ते गावच्या दफनभूमीतल्या पिरॅमिडबद्दल. १८५६ मध्ये अमेरिकेच्या लष्करानं वाळवंटात सामान वाहायला उंट आणले आणि उंटांबरोबर ते हाकणारी माणसंही आणली. त्यांतला हाजी अली. इथल्या जिभांना ते नाव वळेना, म्हणून तो ‘हाय जॉली’ झाला. पुढे यादवी युद्ध आलं, उंटांचा प्रयोग बारगळला, उंट विकले गेले किंवा रानात सुटले. हाजी अली इथेच राहिला आणि १९०२ मध्ये इथेच वारला. १९३५ साली त्याच्या थडग्यावर इथल्याच दगडांचा पिरॅमिड बांधला, वर तांब्याचा उंट. आपलं नाव दर फोनवर तीनदा फोडून सांगणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या दगडापुढे थोडा वेळ उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

ग्रँड कॅन्यन यादीतून काढायला जीव तुटत असेल, तर एवढं सांगते की दक्षिण कड्यावरच्या वाटांवर कुत्रा चालतो, खाली दरीत नाही. पण डिसेंबरात तिथे बर्फ असतं. ती वेगळी सहल करा.

पत्र: आम्ही फिनिक्सचेच. मार्चअखेरीला हूकअप, म्हणजे वीज-पाण्याची जोडणी, असलेल्या आरव्ही पार्कात जाणार आहोत. एसी लावून कुत्र्याला दोन तास आत ठेवलं आणि गावात जेवून आलो तर चालेल ना? सगळे तसंच करतात.

नाही. हे उत्तर मी शांतपणे लिहायचा प्रयत्न करते आहे.

सहा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्हीही तेच केलं. वीजजोडणी असलेला पार्क, नीट चालणारा एसी, पडदे ओढलेले, पाण्याचं भांडं भरलेलं. जेवायला गेलो ते ठिकाण मैलभरावर. पन्नास मिनिटांत परत आलो तर एसीचा आवाज नाही. आमच्या रांगेची वीज गेली होती आणि कुणाला पत्ताही नव्हता. आतल्या थर्मामीटरवर ९६ अंश फॅरेनहाइट. गोटी संडासाच्या फरशीवर पोट टेकून पडली होती, कारण तेवढीच जागा थंड उरली होती. जीभ बाहेर, हिरड्या लालभडक. यजमानांनी तिला उचलून सावलीत आणलं, साधं, बर्फाचं नव्हे, पाणी पोटावर आणि पंजांवर ओतत राहिलो, कागदानं वारा घातला आणि मग तसंच ओल्या टॉवेलवर ठेवून पशुवैद्याकडे नेलं. ती वाचली. आणखी अर्धा तास आम्ही कॉफी घेत बसलो असतो तर वाचली नसती.

आरव्ही म्हणजे शेवटी पत्र्याची पेटी. वीज गेली, ब्रेकर पडला, जनरेटरचं इंधन संपलं की ती मिनिटामिनिटाला तापते. तापमान मोबाईलवर कळवणारी यंत्रं मिळतात. ती घ्या, आम्हीही घेतली, पण लक्षात ठेवा की ती यंत्रं मोबाईलच्या सिग्नलवर चालतात आणि वाळवंटात सिग्नल जातो. यंत्र फक्त कळवतं, दार उघडत नाही.

मग जेवायचं कुठे? बाहेर टेबलं असलेल्या ठिकाणी, सकाळच्या न्याहारीला. आम्ही गावातलं मुख्य खाणं सकाळी आठ-नवाला करतो आणि संध्याकाळी आरव्हीबाहेर खुर्च्या टाकून मुगाची खिचडी खातो. जिथे कुत्रा चालतच नाही, तिथे पाळी लावायची. उदाहरणार्थ, बिस्बी गावची कॉपर क्वीन ही तांब्याची खाण १९७५ मध्ये बंद झाली आणि पुढच्याच वर्षी लोकांना दाखवायला उघडली. डोक्याला दिवा, अंगावर पिवळा कोट, छोट्या गाडीवर टांग टाकून बसायचं आणि डोंगराच्या पोटात जायचं. मी सकाळच्या फेरीला गेले, हे दुपारच्या. मधल्या वेळात गोटी आणि मी बिस्बीच्या जिन्याजिन्यांच्या गल्ल्यांतून हिंडलो. याच गावातून १९१७ च्या जुलैमध्ये संपावरच्या सुमारे १,२०० खाणकामगारांना बंदुकीच्या धाकावर गुरांच्या डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडलं होतं. खाणीतून वर आल्यावर आम्ही दोघं एकमेकांना जे सांगत बसलो, ते बरोबर गेलो असतो तर सांगायचं राहिलंच असतं. बिस्बीत आरव्ही मात्र आत घालू नका, गल्ल्या फार अरुंद आणि चढाच्या आहेत. आणि गाव पाच हजार फुटांहून उंच आहे, मार्चमध्येही रात्री स्वेटर लागतो.

पत्र: काटे, साप, कोल्हे. आमचा नऊ किलोचा बीगल सगळीकडे नाक खुपसतो. नक्की कशाला घाबरायचं?

सगळ्यात आधी चोया. हा निवडुंग लांबून मऊ, लोकरीसारखा दिसतो, म्हणून एका जातीला टेडी बेअर म्हणतात. त्याचे तुकडे गळून जमिनीवर पडलेले असतात आणि नुसतं घासलं तरी अंगाला चिकटतात. काट्यांना उलटे दात असतात. कुत्रा पहिली गोष्ट काय करतो, तर पंजातला गोळा तोंडानं ओढायला जातो आणि मग तो गोळा जिभेत बसतो. तेव्हा आधी डोकं धरा. हातानं काढायला जाऊ नका, तुमच्याही बोटांत बसेल. खिशात रुंद दातांचा साधा कंगवा ठेवा. तो गोळ्याखाली सरकवून झटक्यानं दूर उडवायचा आणि उरलेले काटे चिमट्यानं एकेक काढायचे. आमच्याकडे कंगवे तीन आहेत: एक यजमानांच्या खिशात, एक माझ्या, एक पट्ट्याला बांधलेला.

दुसरे आपले ओळखीचे सराटे, म्हणजे गोखरू. होय, तेच. ते इथेही पसरलेत, गावाकडच्या रस्त्यांच्या कडेला आणि वाहनतळांच्या कडांना. मऊ पंजांच्या कुत्र्याला बूट घाला, पण घरी पंधरा दिवस सवय करून. पहिल्या दिवशी सगळेच कुत्रे बगळ्यासारखे पाय उचलतात.

रॅटलस्नेक साधारण मार्च ते ऑक्टोबर जास्त हिंडतात, हिवाळ्यात बहुतेक बिळात असतात. पण उबदार दुपारी एखादा बाहेर येतो. चावला तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, बर्फ लावायचा नाही. कुत्र्याला चालवू नका, उचला आणि सरळ पशुवैद्याकडे. मुक्कामाला पोहोचलात की पहिल्याच संध्याकाळी जवळच्या पशुवैद्याचा नंबर शोधून त्यांच्याकडे सापाच्या विषावरचा उतारा असतो का ते विचारून ठेवा. सगळ्यांकडे नसतो.

कोयोटी हा आपल्या कोल्ह्याचाच भाऊबंद. संध्याकाळी त्यांची कोल्हेकुई सुरू झाली की नऊ किलोचा कुत्रा मोकळा सोडायचा नाही, अगदी दारासमोरसुद्धा. मोठी घुबडंही लहान कुत्र्यावर झेप घेतात.

आणि ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत ते सगळ्यात महत्त्वाचं: व्हॅली फीव्हर. इथल्या मातीत एक बुरशी असते, तिचे कण धुळीबरोबर श्वासातून फुप्फुसात जातात. जो कुत्रा जमीन उकरतो आणि बिळात नाक खुपसतो, म्हणजे तुमचा बीगल, त्याला धोका जास्त. लक्षणं बऱ्याचदा घरी परतल्यावर काही आठवड्यांनी दिसतात: कोरडा खोकला, मरगळ, खाणं सुटणं, कधी लंगडणं. तुमच्या राज्यातल्या डॉक्टरच्या मनात हे येणार नाही, म्हणून तुम्ही आपणहून सांगा, ‘आम्ही ॲरिझोनात राहून आलो’. रक्त तपासून कळतं, औषध असतं, काही महिने चालतं. एकापासून दुसऱ्याला हा आजार लागत नाही. माणसांनाही होतो, तेव्हा स्वतःचा खोकला लांबला तरी हेच वाक्य डॉक्टरांना सांगा.

पाणी: किलोला साधारण ६० मिली रोज, असा घरचा हिशेब. वाळवंटात मी दीडपट धरते. आणि आपल्या स्वयंपाकातलं काही देऊ नका. कांदा, लसूण, मनुका तिन्ही कुत्र्याला विषारी आहेत, आणि आपल्या रश्शात पहिले दोन्ही असतातच.

पत्र: काकू, मी २६ वर्षांची आहे. मला माझ्या कुत्रीला घेऊन एकटीनं जायचंय. व्हॅन भाड्यानं घेईन. आई तुमचं सदर वाचते, तुम्ही ‘जा’ म्हणालात तर ती ऐकेल.

जा. आईंना माझा नमस्कार सांग, आणि पुढचं त्यांना वाचून दाखव.

पहिल्या खेपेला एकांत शोधू नकोस. ला पोसासारख्या जागी जा, जिथे शे-दोनशे पावलांवर दुसरी आरव्ही असते. तिथे हिवाळाभर राहणारी सत्तरीतली माणसं असतात, त्यांना टायरपासून बॅटरीपर्यंत सगळं ठाऊक असतं आणि सांगायला वेळही असतो. कुत्रीला घेऊन सकाळी एक चक्कर मार, संध्याकाळपर्यंत चार जणांना तुझी व्हॅन माहीत झालेली असेल. मनाला पटलं नाही तर मात्र कारण न शोधता व्हॅन सुरू करून निघायचं. म्हणून रात्री किल्ली नेहमी एकाच जागी, आणि बाहेर पसारा नाही.

व्हॅन कोरड्या ओढ्यात लावायची नाही. इथे त्याला ‘वॉश’ म्हणतात. सपाट, मऊ वाळू, दोन्हीकडे झाडं, मुक्कामाला अगदी मोहात पाडणारी जागा. पाऊस वीस मैलांवर डोंगरात पडतो आणि पाणी इथे येतं, डोक्यावर निरभ्र आकाश असताना. शिवाय त्या वाळूत चाकं रुततात. कडक, बारीक खडीची, गडद रंगाची जमीन बघ. गाडीतून उतरून आधी पायांनी चालून ये, मग गाडी आण.

जानेवारीत रात्री तापमान गोठणबिंदूच्या आसपास उतरू शकतं. हीटर गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो, आणि पहाटे चारला बॅटरी संपली की काय होतं ते आम्ही भोगलंय. साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर निम्म्याखाली जाऊ देऊ नकोस. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, हे व्हॅन ताब्यात घेतानाच दाबून बघ. कुत्री चालत्या गाडीत मोकळी नको, हार्नेस पट्ट्याला अडकव. आणि बॉनेटखाली रोज सकाळी नजर टाक. पॅकरॅट नावाचा उंदीर रात्रीत तिथे घरटं करतो आणि वायरी कुरतडतो. बरेच जण रात्री बॉनेट उघडं ठेवतात, त्याला अंधारी उबदार जागा मिळू नये म्हणून.

रस्त्यात धुळीचं वादळ आलं तर रस्ता पूर्ण सोडून बाजूला थांबायचं, सगळे दिवे बंद करायचे आणि ब्रेकवरून पाय काढायचा. दिवे चालू राहिले तर मागचा तुझ्या दिव्यांच्या मागं मागं येऊन धडकतो. हे इथे ड्रायव्हिंगच्या पुस्तकातच शिकवतात.

एक गाव मात्र कुत्रीला घेऊन टाळ: ओटमन. सोन्याच्या खाणींचं गाव. १९४२ मध्ये युद्धापायी सोन्याच्या खाणी बंद झाल्या. खाणकऱ्यांनी मागे सोडलेल्या गाढवांचे वंशज आज रस्त्यात मोकळे फिरतात आणि लोक त्यांनाच बघायला जातात. पण गाढवाच्या लेखी कुत्रा म्हणजे लांडगा. ते लाथ घालतात, आणि चूक त्यांची नसते. कधी एकटी गेलीस तर जरूर बघ.

पत्र: नाशिकहून आई-बाबा येणार आहेत, दोघंही सत्तरीचे. त्यांना आणि आमच्या कुत्र्याला घेऊन सॅन दिएगोहून चार दिवस निघावं म्हणतोय. आरव्हीतला संडास, अरुंद पलंग, हे त्यांना झेपेल का?

पलंग झेपतो. पायऱ्या झेपत नाहीत. आरव्हीच्या पायऱ्या उंच असतात आणि रात्री दोनदा उतरायची वेळ येऊ नये, म्हणून आतला संडास वापरायची भीड पहिल्याच दिवशी मोडा. टाकी तुम्ही रिकामी करणार आहात, त्यात त्यांना लाजण्यासारखं काही नाही, हे बाबांना स्पष्ट सांगा. पाणी जपून वापरायचं, हे मात्र आईंना शिकवावं लागणार नाही. माझ्या सासूबाईंनी चाळीस गॅलनची टाकी आम्ही चौघं असताना पाच दिवस पुरवली होती. भांडी एका वाटीत विसळायची, तेच पाणी संडासात. नळ सोडून हात धुणारी आम्हीच निघालो.

तुम्हाला बोरेगो स्प्रिंग्ज हे गाव सांगेन. अँझा-बोरेगो उद्यानात कुत्रा पायवाटांवर चालत नाही, कच्च्या रस्त्यांवर चालतो. पण गावाभोवतीच्या मोकळ्या खाजगी जमिनीवर डेनिस एव्हरी या तेव्हाच्या मालकानं रिकार्डो ब्रेसेडा या शिल्पकाराकडून लोखंडाचे शंभराहून जास्त प्राणी करवून घेतले आहेत: हत्ती, घोडे, उंट, आणि रस्ता ओलांडून जमिनीतून वरखाली जाणारा ३५० फुटी सर्प. कुंपण नाही, तिकीट नाही. गाडीनं जवळ जायचं, उतरायचं, दहा पावलं चालायचं, परत बसायचं. आई-बाबांच्या गुडघ्यांना आणि कुत्र्याला एकाच वेळी जमणारं याहून बरं काही मला माहीत नाही. रात्री गाव आपणहून दिवे मंद ठेवतं. २००९ पासून ते काळोख जपणारं गाव म्हणून मान्यता पावलेलं आहे. खुर्च्या टाका, पांघरुणं द्या, बाबांना सप्तर्षी दाखवू द्या.

दोन गोष्टी विसरू नका. सीमेजवळच्या रस्त्यांवर, आतल्या भागातही, बॉर्डर पेट्रोलची तपासणी नाकी असतात. आई-बाबांचे पासपोर्ट घरी कपाटात नकोत, बरोबर हवेत. तुमचं ग्रीन कार्डसुद्धा. दुसरं, ॲरिझोनात जाऊन परत येणार असाल तर कॅलिफोर्नियाच्या वेशीवर शेतीमालाचं नाकं लागतं आणि तिथे फळं, रोपं विचारतात. आईंनी कुणाकडून कढीपत्त्याचं रोप घेतलं असेल तर ते आणू नका. त्यावर लिंबूवर्गीय झाडांना मारक रोग पसरवणारी कीड राहते. इथल्या शेतकऱ्यांच्या बागाच्या बागा त्यात जातात, म्हणून ते नियम मी अगदी मनापासून पाळते.

पत्र: गोटीचं वय काय आता? अजून नेता तिला?

बारा पूर्ण. मागचे पाय आखडतात. आरव्हीच्या दाराला आम्ही लाकडी उतरंड करून घेतली, वर जुन्या गालिच्याचा तुकडा ठोकला, म्हणजे नखं घसरत नाहीत. थंडीत सांधे दुखतात म्हणून ती आता आमच्यामध्ये झोपते आणि फरशीपेक्षा तिथे ऊब असते. पालो व्हर्देची वाट ती अर्धी जाते, मग उभी राहते. आम्हीही तिथूनच परत फिरतो. या जानेवारीत आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि क्रिओसोटच्या झुडपांचा तो वास, इथला मृद्गंध, सगळीकडे पसरला होता. ती बराच वेळ नाक वर करून उभी होती. मग आम्ही आहोला गेलो. चौकातल्या गवतावर ती आडवी झाली, एका आजोबांनी मागच्या वर्षीसारखंच तिचं नाव विचारलं आणि या वेळीही ‘गोडी’ असंच म्हटलं. अकरा वाजता सावली सरकली तेव्हा आम्ही तिला उचलून सावलीत ठेवलं आणि दुसरी कॉफी मागवली.